हिरव्या ठिपक्याचा पिझ्झा

आज कवितेऐवजी पिझ्झ्याविषयी बोलणार आहे. हसू नका. आमच्या कळंबच्या घरात दर महिन्याला एकदा तो होतो, आणि त्यावर फळं असतात.

पिझ्झ्यावर अननस ही काही इटलीची रीत नव्हे. १९६२ साली कॅनडात, ग्रीसहून तिथं गेलेल्या सॅम पानोपुलोस यांनी डब्यातला अननस पिझ्झ्यावर टाकून पाहिला. जगात त्यावर आजही भांडणं होतात. पण विचार करा, अननस, टोमॅटो, मिरची आणि पेरू ही चारही मंडळी अमेरिका खंडातून आपल्याकडे आली. आता त्यांना परकं कोण म्हणेल?

कृती सोपी आहे. दोन वाट्या मैदा, चमचाभर कोरडं यीस्ट, चिमूटभर साखर, मीठ, थोडं तेल. कोमट पाण्यात मऊ मळून दीड तास झाकून ठेवायचं. ओव्हन नसला तरी अडत नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजणाऱ्या वऱ्हाडी माणसाला भाजणं शिकवायला नको. जाड कढईत मीठ पसरा, त्यावर लहान तिवई ठेवा, झाकण घालून दहा मिनिटं तापवा. मग लाटलेली पोळी ताटलीसकट आत ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. पोळीवर आधी लसूण, टोमॅटो आणि तिखट घालून आटवलेली चटणी, मग किसलेलं चीज, वर फळं. अननसाचा रस नीट निथळू द्या, नाहीतर पोळी ओली राहते. बी काढलेल्या पेरूच्या पातळ फोडी आणि दोन खजुरांचे तुकडेही छान लागतात.

खरा प्रश्न चीजचा आहे. पनीर लिंबानं फाटतं, म्हणून ते वितळून तार धरत नाही. चीजसाठी दूध घट्ट करायला रेनेट लागतं. जुन्या पद्धतीत ते वासराच्या जठरातून काढत. म्हणून आमच्या अम्मीचा पहिला प्रश्न असे, ‘‘बेटा, हे हलाल आहे ना?’’ आणि शेजारच्या काकू दारातूनच विचारत, ‘‘भाऊ, यात काही तसलं नाही ना?’’ दोन घरं, दोन धर्म आणि शंका मात्र एकच! दोघींचंही समाधान पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यानं केलं. २००१ सालापासून डबाबंद खाद्यपदार्थांवर शाकाहाराची खूण आली. हिरव्या ठिपक्याच्या चीजमधलं रेनेट प्राण्याचं नसतं. बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांपासूनही ते तयार करता येतं.

हे मी एवढं सांगतो, कारण एकमेकांच्या घरी जेवणं हल्ली कमी होत चाललं आहे. कुणी उघड नकार देत नाही. ‘पोट भरलंय’ म्हणतात. अशा वेळी रागावण्यापेक्षा पाकीट समोर ठेवावं. शंका विचारणारा माणूस निदान जेवायला तयार असतो.

चतुर्थीला काकूंचा उपास असतो, त्या चिंतामणीच्या दर्शनाला जातात. म्हणून त्या दिवशी आमच्याकडे हा बेत नसतो. एरवी पिझ्झ्याचे आठ तुकडे होतात. त्यातले दोन झाकून आधी शेजारी जातात, आणि ताटली कधी रिकामी परत येत नाही.