लायसिनची गोळी आणि तुरीचे वरण
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मागच्या मेळाव्यानंतर एका शेतकऱ्याने मला बाजूला नेऊन खिशातली बाटली दाखवली. आत लायसिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या होत्या. आईला अशक्तपणा आहे, कुणी तरी सांगितले म्हणून तालुक्याहून आणल्या, असे ते म्हणाले. मी विचारले, "घरात तूर आहे का?" ते म्हणाले, "होती. भाव बरा मिळाला, सगळी घातली."

म्हणून आज लायसिनविषयी बोलतो. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी ९ आम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. लायसिन त्यांपैकी एक. आपण पिकाला नत्र भरपूर दिले, पण जस्त कमी पडले, तर पीक अडते ना? तसेच येथे होते. ज्वारीत साधारण १० टक्के प्रथिने असतात, पण लायसिन फार थोडे. त्यामुळे नुसती भाकरी खाल्ली तर त्या प्रथिनांचा शरीराला पुरता उपयोग होत नाही. डाळीत लायसिन भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी पडते, ते काही प्रमाणात ज्वारी भरून काढते. भाकरी आणि वरण ही जोडी उगीच जमलेली नाही.

आता हिशोब पाहा. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ३० मिलिग्रॅम लायसिन लागते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०० मिलिग्रॅम. ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सुमारे ६०० मिळते. ५० ग्रॅम तूरडाळीतून सुमारे ७५०, आणि २०० मिली दुधातून ५०० च्या आसपास. झाली गरज पूर्ण! एक गोळी म्हणजे जेमतेम ३५ ग्रॅम डाळ. पण डाळीबरोबर इतर अमिनो आम्ले, लोह आणि चोथाही मिळतो, गोळीत ते नसते.

ही गोळी साखर किंवा मळीवर जिवाणू वाढवून बनवतात. असे तयार होणारे बहुतेक लायसिन कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जाते, आणि तेथे त्याचा उपयोग चांगला होतो. माणसे ओठांवर वारंवार येणाऱ्या पुरळासाठीही ती घेतात, पण त्याचा पुरावा कच्चा आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

दाण्यातच लायसिन वाढवण्याचाही प्रयत्न झाला. १९७१ मध्ये आपल्या देशात शक्ती, रतन व प्रोटीना हे मक्याचे वाण आले. पण दाणा मऊ, किडीला सोपा, उत्पादन कमी. शेतकऱ्यांनी ते सोडले, आणि बरोबरच केले. पुढे कठीण दाण्याचा सुधारित मका तयार झाला. त्या कामासाठी सुरिंदर वासल आणि इव्हँजेलिना व्हिलेगास यांना २००० साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

त्या शेतकऱ्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, आईचे रक्त तपासून घ्या. अशक्तपणामागे रक्तक्षय असू शकतो, त्यावर लायसिन हा उपाय नाही. दुसरी, येत्या खरिपात बाजरीत २:१ ओळींनी तूर घ्या आणि विकण्याआधी घरची बाजूला काढा. ५ माणसांना रोज प्रत्येकी ५० ग्रॅम धरले, तर वर्षाला ९१ किलो डाळ लागते. डाळ करताना घट येते, म्हणून तूर सव्वा ते दीड क्विंटल ठेवावी. मूग, मटकी, हरभरा घरचा असेल तर कमी चालेल. कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावर कोठीत भरा.