सिडनीची रात्र

शाळेंत इंग्रजी शिकवीत असतां 'गे' हा शब्द धड्यांत आला म्हणजे मी फळ्यावर 'आनंदी, उल्हसित' असा त्याचा अर्थ लिहीत असें. माझ्या मास्तरांनीं मला तोच सांगितला होता. पुढें पुढें हा शब्द उच्चारतांच मागच्या बांकांवरून खुसखुस ऐकूं येऊं लागली. शब्दाचा अर्थ बदलला होता, आणि तो मास्तरांच्या आधीं मुलांना कळला होता. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, हा तो नवा अर्थ. मराठींत आपण 'समलिंगी' म्हणतों, आणि त्यांत स्त्रियाहि येतात. आज ज्या शहराविषयीं मी बोलणार आहें, तेथें या शब्दाचे जुना व नवा असे दोन्ही अर्थ एकाच रस्त्यावर भेटतात. म्हणून शब्दाचा खुलासा आधीं केला.

तें शहर म्हणजे ऑस्ट्रेलियांतील सिडनी. २०२४ सालच्या फेब्रुवारींत मी मुलीकडे तेथें गेलों होतों. आपल्याकडे थंडी सरत असते तेव्हां तिकडे उन्हाळा असतो. ज्यानें मुंबई पाहिली आहे त्याला सिडनीची ठेवण लौकर उमगते. मध्यें खोल बंदर, त्यावर १९३२ सालीं खुला झालेला पोलादी कमानीचा पूल, आणि पूर्वेस उघडा पॅसिफिक महासागर. त्या महासागराच्या कांठीं बॉंडी, टामारामा, ब्रॉंटी, कूजी अशा चौपाट्या एकीमागून एक लागतात. बॉंडीपासून कूजीपर्यंत कड्याच्या कडेनें सुमारें सहा किलोमीटरांची पाऊलवाट आहे. वाळूंत लाल-पिवळीं निशाणें रोवलेलीं असतात. पोहावयाचें तें दोन निशाणांच्या मध्येंच, हा नियम लहान मुलालाहि पाठ असतो. शहराच्या मध्यावर हाइड पार्क नांवाची बाग आहे. तिच्या कोपऱ्यापासून ऑक्सफर्ड रस्ता निघतो, चढ चढून टेलर चौकाशीं येतो, आणि पुढें पॅडिंग्टनमधून बॉंडीच्या दिशेनें जातो. म्हणजे दिवसाची चौपाटी आणि रात्रीची वस्ती एकाच वाटेवर आहेत. सकाळीं समुद्रांत पोहून आलेला तरुण रात्रीं याच रस्त्यावर भेटतो.

माझा एक जुना विद्यार्थी बरींच वर्षें त्या शहरांत राहतो. त्याचें नांव मी सांगत नाहीं. त्याचा दूरध्वनि आला. "सर, मुलीकडे आला आहांत असें कळलें. एक संध्याकाळ मला द्या. माझें शहर तुम्हांला दाखवतों." मीं आवाज ओळखला आणि मनांत चरकलों. कां, तें शेवटीं सांगेन.

टेलर चौकांत आम्ही उतरलों तेव्हां रात्रीचे नऊ वाजले होते. प्रथम एक गंमत सांगतों. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहाभजींचें दुकान. सिडनींत हॉटेल म्हणजे बहुधा मद्यगृह. तेव्हां 'ऑक्सफर्ड हॉटेल'ची पाटी पाहून तेथें फराळ मिळेल असें समजूं नये! चौकापासून उतारावर अशीं मद्यगृहें व नृत्यगृहें दाटीनें आहेत. एकाचें नांव 'स्टोनवॉल'. हें नांव न्यूयॉर्कमधील एका मद्यगृहाचें. तेथें १९६९ सालच्या जूनमध्यें पोलिसांच्या धाडीस गिऱ्हाइकांनीं प्रथमच दिवसेंदिवस विरोध केला होता. आंत गर्दी, संगीत आणि घाम. रंगमंचावर एक धिप्पाड पुरुष स्त्रीवेषांत गात होता आणि मधून मधून प्रेक्षकांना टोमणे मारीत होता. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला स्त्रीपार्ट नवा नाहीं. पण एक फरक माझ्या ध्यानांत आला. बालगंधर्वांची कला हा पुरुष आहे हें विसरावयास लावण्याची होती. येथें तो पुरुष आहे हें एक क्षणभरहि विसरूं द्यावयाचें नाहीं, त्यांतच सारी मौज. या कलेला तेथें परंपरा आहे. किंग्ज क्रॉस भागांत १९६३ पासून 'ले गर्ल्स' नांवाचा असा खेळ वर्षानुवर्षें चालला. १९९४ च्या 'प्रिसिला' या प्रसिद्ध चित्रपटांतील मंडळी ज्या मद्यगृहापासून बसमध्यें बसून वाळवंटाकडे निघतात, तें 'इंपीरियल हॉटेल' अर्स्किनव्हिल या उपनगरांत आहे.

मीं लिंबू घातलेलें सोड्याचें पाणी घेतलें व एका कोपऱ्यांत बसलों. मला अचंबा वाटला तो रंगमंचाचा नव्हे. शेजारच्या टेबलाशीं माझ्याच वयाचे दोन गृहस्थ बसले होते. एकाच्या पायाशीं भाजीची पिशवी होती. एकानें दुसऱ्याचा चष्मा घेऊन रुमालानें पुसला आणि परत दिला. चाळीस वर्षांच्या संसारांत जें घडतें तेंच तें होतें. पाहावयास आलेला मी, मला दुसरीकडे पाहावेंसें वाटलें.

हा रस्ता पूर्वीइतका गजबजलेला नाहीं, असें विद्यार्थी म्हणाला. २०१४ सालीं सरकारनें मद्यपी मारामाऱ्यांना आळा घालण्यासाठीं या भागांत रात्रीं दीडनंतर मद्यगृहांत नवा प्रवेश बंद केला आणि तीननंतर मद्य देणें थांबविलें. किंग्ज क्रॉसखेरीज इतरत्र हा निर्बंध २०२० च्या जानेवारींत उठला. पण तोंवर कित्येक जागा बंद पडल्या होत्या, आणि बरीच मंडळी न्यूटाउनच्या किंग रस्त्याकडे वळली होती. रात्रीचें जीवन नाजूक असतें. एकदां वाट मोडली कीं पुन्हा पडावयास वेळ लागतो.

टेलर चौकापासून थोड्याच अंतरावर जुनें डार्लिंगहर्स्ट पोलीस ठाणें आहे. मी तेथें गेलों त्याच सुमारास, २३ फेब्रुवारी २०२४ रोजीं, त्या इमारतींत 'क्यूटोपिया' नांवाचें संग्रहालय उघडलें. पोलीस ठाण्यांत संग्रहालय कां, हें समजण्यासाठीं १९७८ सालाकडे जावें लागतें. त्या वर्षीं २४ जूनच्या रात्रीं दहाच्या सुमारास कांहीं शें लोक टेलर चौकांत जमले. ध्वनिवर्धक बसविलेला एक लहान ट्रक पुढें, आणि मागें नाचणारे लोक. वाटेवरच्या मद्यगृहांतील मंडळींनाहि ते बाहेर बोलावीत होते. परवानगी घेतलेली होती. तरी हाइड पार्कजवळ पोलिसांनीं ट्रक ताब्यांत घेतला. जमाव किंग्ज क्रॉसकडे वळला. तेथें पोलिसांनीं त्याला गांठलें व ५३ जणांना अटक केली. त्यांना याच ठाण्यांत आणलें होतें. पण खरी शिक्षा पुढेंच होती. 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड' पत्रानें आरोपींचीं नांवें, पत्ते व व्यवसाय छापले. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. कित्येकांच्या घरीं ही गोष्ट वर्तमानपत्रांतूनच कळली. त्या छापलेल्या व्यवसायांत शिक्षकहि होते, हें वाचून मी त्या भिंतीपुढें बराच वेळ उभा राहिलों.

न्यू साउथ वेल्समध्यें पुरुषांमधील असा संबंध १९८४ पर्यंत गुन्हा होता. तो कायदा इंग्लंडहून आलेला. आपलें ३७७ वें कलमहि त्याच घराण्याचें, १८६० च्या दंडसंहितेंतलें. प्रौढांच्या संमत संबंधांपुरतें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें तें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं रद्द ठरविलें. एकाच झाडाच्या दोन फांद्या, पण तोडतांना चौतीस वर्षांचें अंतर पडलें. १९७८ च्या प्रकाराबद्दल न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळानें व त्या वृत्तपत्रानेंहि २०१६ सालीं क्षमा मागितली. माझा विद्यार्थी म्हणाला, "क्षमा अडतीस वर्षांनीं आली, सर. ज्यांची मागायची होती त्यांतले कांहीं तोंवर राहिले नव्हते."

कारण मध्यें एड्सचीं वर्षें येऊन गेलीं. ऑक्सफर्ड रस्त्याच्या आसपासच्या वस्तींतच सेंट व्हिन्सेंट रुग्णालय आहे. कॅथलिक धर्मभगिनींनीं स्थापिलेल्या या रुग्णालयानें या रुग्णांसाठीं स्वतंत्र कक्ष उघडला. त्या कक्षाची आठवण संग्रहालयांत जपली आहे. बॉबी गोल्डस्मिथ नांवाचा एक जलतरणपटू १९८४ सालीं या रोगानें गेला. मित्रांनीं पाळीपाळीनें घरींच त्याची शुश्रूषा केली होती. त्यांतूनच त्याच्या नांवानें एक साहाय्यसंस्था उभी राहिली. नाचगाण्याच्या ओळखी शेवटीं उशापायथ्याशीं बसण्याच्या कामीं आल्या. रात्रीच्या वस्तीला केवळ चैन म्हणणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही बॉंडीच्या पाऊलवाटेनें निघालों. बॉंडी व टामारामा यांच्या मध्यें मार्क्स पार्क नांवाचें उंच टोंक आहे. खालीं कडा आणि फेसाळ समुद्र. इतकें सुंदर स्थळ मीं क्वचितच पाहिलें आहे. १९८० नंतरच्या दशकांत येथें रात्रीं एकमेकांस भेटावयास येणाऱ्या पुरुषांवर तरुणांच्या टोळ्या हल्ले करीत. कांहींचीं प्रेतें कड्याखालीं मिळालीं, कोणाचें मिळालेंच नाहीं. मृत्यूच्या कारणापुढें अपघात किंवा आत्महत्या असें लिहून कागद मिटले जात. शहराच्या दुसऱ्या टोंकाला, मॅन्लीजवळच्या नॉर्थ हेड कड्याखालीं, १९८८ सालीं स्कॉट जॉन्सन नांवाच्या अमेरिकन गणितज्ञाचें प्रेत मिळालें. त्यालाहि आत्महत्या म्हटलें गेलें. त्याच्या भावानें तीस वर्षें पाठपुरावा केला. २०१७ सालच्या तिसऱ्या चौकशींत हा द्वेषमूलक हल्ल्यामुळें आलेला मृत्यु ठरला, आणि २०२३ सालीं एका माणसाला मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. अशा जुन्या मृत्यूंची पाहणी करणाऱ्या न्यायमूर्ति सॅकर यांच्या आयोगाचा अहवालहि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आला. मार्क्स पार्कमध्यें आतां स्मारक आहे. आम्ही तेथें बसलों असतां शेजारून मुलांना घेऊन कुटुंबें पोहावयास जात होतीं.

२ मार्चच्या रात्रीं वार्षिक मिरवणूक निघाली. १९८१ पासून ती हिंवाळ्याऐवजीं उन्हाळ्यांत निघते. जाणाऱ्यांसाठीं सूचना: दुपारींच जागा धरावी, पाण्याची बाटली घ्यावी, आणि उभें राहावयास दुधाच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची पेटी मिळाली तर सोडूं नये, जाणते लोक तिच्यावरच चढून पाहतात. आरंभीं मोटारसायकलींवरून स्त्रिया गर्जत जातात. मग जीवरक्षक, अग्निशामक, शिक्षक, परिचारिका, आपल्या मुलांसाठीं चालणारे वृद्ध आईबाप. आपल्या उपखंडांतील लोकांची 'त्रिकोण' नांवाची संस्था आहे. तीहि अशा मिरवणुकींतून चालत आली आहे. त्या वर्षीं वातावरणावर सावट होतें. दोन तरुणांच्या खुनाचा आरोप एका पोलिसावर ठेवण्यांत आला होता. पोलिसांनीं येऊंच नये असें संयोजकांनीं प्रथम म्हटलें, आणि अखेर पोलीस गणवेष न घालतां चालले.

शहर एकच, पण मन एक नाहीं. विवाहाच्या प्रश्नावर २०१७ सालीं टपालानें लोकमत घेतलें, तेव्हां देशांत ६१.६ टक्के मतें बाजूनें पडलीं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कायदा झाला. सिडनी मतदारसंघांत होकार ८३.७ टक्के, पण शहराच्या पश्चिमेकडील ब्लॅक्सलँडमध्यें नकार ७३.९ टक्के. ज्या पॅरामॅटांत आपली भारतीय वस्ती मोठी आहे, तेथेंहि नकारच अधिक होता. ऑक्सफर्ड रस्त्यावर निर्धास्त चालणारा आपला एखादा मुलगा पॅरामॅटाच्या गाडींत बसला कीं मुकाट्यानें खिशांत हात घालतो, असें माझा विद्यार्थी म्हणाला.

आतां शेवटचें. २०१३ सालीं टेलर चौकांत पादचाऱ्यांचा पट्टा इंद्रधनुष्याच्या रंगांनीं रंगविला होता. राज्यसरकारनें तो धोकादायक ठरवून एका रात्रींत उखडला. तेव्हां लोकांनीं खडू घेतले आणि गल्लोगल्लीं रस्त्यांवर इंद्रधनुष्यें काढलीं. पुढें २०१९ सालीं जवळच कायमचा पट्टा झाला. तो दाखवीत विद्यार्थी हें सांगत होता, आणि मला माझा खडू आठवला.

तीस वर्षांपूर्वीं मी एके दिवशीं वर्गांत शिरलों तेव्हां फळ्यावर या मुलाचें नांव होतें, आणि पुढें मोठ्या अक्षरांत 'बायल्या'. वर्ग हसत होता. तो मान खालीं घालून बसला होता. मीं डस्टर घेतला, फळा पुसला, आणि 'पान चौऱ्याण्णव काढा' म्हणालों. लिहिणारा कोण हें विचारलें नाहीं. एक शब्दहि बोललों नाहीं. त्या वेळीं ही मला शिस्त वाटली होती.

त्या चौकांत मीं त्याला हें सांगितलें. तो थोडा वेळ थांबला. "आठवतें, सर. तुम्हीं निदान पुसलेंत. दुसऱ्या तासांना तें तसेंच राहत असे." हें ऐकून मला हलकें वाटावयास हवें होतें, तसें वाटलें नाहीं. मग तो म्हणाला, "चला, शेवटची गाडी चुकेल," आणि माझा हात धरून त्यानें मला रस्ता ओलांडून नेलें.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणाच्या तरी घरांत असा मुलगा किंवा मुलगी असेल. त्याला सिडनीला जातां येईलच असें नाहीं, आणि जावें लागूं नये. पण तो ज्या वर्गांत, ज्या जेवणाच्या पंगतींत बसतो, तेथें कोणी तो शब्द उच्चारला तर फळा नुसता पुसून पुढचें पान काढूं नका. दोन शब्द बोला. मीं बोललों नाहीं, म्हणून सांगतों.