गोचीड, वाघ आणि आपलं कुत्रं

वलगाववरून बोलतोय. आजचा विषय जरा किळसवाणा आहे, तेव्हा जेवता जेवता ऐकत असाल तर आधी जेवून घ्या. विषय आहे गोचीड. आणि तिच्या निमित्ताने परजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारे जीव, जंगलातल्या प्राण्यांचं काय करतात ते.

गोचीड आपल्याकडे कुणाला सांगायला नको. गाईच्या कानामागे, कासेजवळ हरभऱ्याएवढी फुगून बसलेली असते. रक्त पिऊन झालं की मादी खाली पडते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. एकटी मादी, बरं का! पण खरी भानगड रक्त पिण्याची नाही. रक्त पिता पिता ती बबेसिया नावाचा एकपेशीय जीव जनावराच्या अंगात सोडते. तो तांबड्या पेशींत शिरतो, वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो. जनावराला ताप भरतो, लघवी लाल होते. आपण त्याला गोचीडताप म्हणतो. म्हणजे परजीवीच्या पोटात आणखी एक परजीवी.

जंगलातही हेच चालतं. हरीण, गवा, सिंह, सगळ्यांच्या अंगावर गोचिडी असतात. सिंहाच्या रक्तात बबेसियाही असतो. गाईतल्यापेक्षा जात वेगळी, पण खानदान तेच. आणि तरी सिंह धडधाकट फिरत असतो. हजारो वर्षांचा शेजार आहे तो. मग कधीकधी एकदम पटापट प्राणी मरतात, ते काहून?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर आफ्रिकेत मिळालं. 1994 मध्ये टांझानियातल्या सेरेनगेटीत सिंहांना झटके येऊ लागले. साधारण हजार सिंह मेले, म्हणजे तिथल्या तीन सिंहांतला एक. तपासात निघाला कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू. हा मूळचा कुत्र्यांमधला रोग, आणि बोट गेलं उद्यानाभोवतीच्या गावांतल्या कुत्र्यांकडे. झालं, आरोपी सापडला असं वाटलं.

पण सिंहांच्या रक्ताचे जुने नमुने साठवून ठेवलेले होते, आणि त्यांनी घोळ घातला. त्यांवरून दिसलं की हा विषाणू त्या सिंहांत आधीही अनेकदा येऊन गेला होता, आणि तेव्हा असं काही झालंच नव्हतं. मग 2001 मध्ये शेजारच्या न्गोरोंगोरोत पुन्हा सिंह मेले. या दोनच वेळी काय वेगळं होतं?

2008 साली संशोधकांनी धागा जुळवला. दोन्ही वेळा साथीच्या आधी कडक दुष्काळ पडला होता. चारा नाही, त्यामुळे रानम्हशी हडकल्या. हडकलेल्या जनावरावर गोचिडी किती चढतात ते आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. अशा गोचिडींनी भरलेल्या, मरायला टेकलेल्या म्हशी सिंहांना आयत्याच मिळाल्या. सिंहांनी ताव मारला, आणि गोचिडी सिंहांवर आल्या. एरवी थोडका असणारा बबेसिया त्यांच्या रक्तात बेसुमार वाढला. त्यात आला डिस्टेंपर, जो अंगातली प्रतिकारशक्तीच खाली बसवतो. एकेकटा आला असता तर बहुतेक सिंहांनी दोघांनाही पचवलं असतं. दोघं एकदम आले.

मला या गोष्टीत गोचिडीपेक्षा दुष्काळ जास्त भीतीदायक वाटतो. वऱ्हाडातल्या माणसाला तसं वाटणारच म्हणा.

आता आपल्या देशात या. सप्टेंबर 2018, गुजरातचं गीर. दलखाणिया परिक्षेत्रात तीनेक आठवड्यांत 23 सिंह गेले. तपासणीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला डिस्टेंपरचा विषाणू सापडला, आणि काही सिंहांत गोचिडींतून येणारा बबेसियाही निघाला. तीच जोडी! अमेरिकेतून लस मागवून आसपासच्या सिंहांना दिली गेली, म्हणून थोडक्यात निभावलं. जगातले सगळे रानटी आशियाई सिंह या एकाच भागात आहेत, हे लक्षात घ्या. अशी साथ आली तर सगळेच एकदम जाऊ नयेत, म्हणून काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलं होतं. ते सिंह अजून हललेले नाहीत.

कुनोत आले चित्ते, सप्टेंबर 2022 मध्ये. आणि 2023 च्या पावसाळ्यात तिथे वेगळंच झालं. दक्षिण आफ्रिकेत जून ते सप्टेंबर हिवाळा असतो. तिकडून आलेल्या चित्त्यांच्या अंगाने आपलं जुनंच कॅलेंडर पाळलं आणि ऐन आपल्या पावसाळ्यात दाट केस उगवले. वर गळ्यात रेडिओ कॉलर. केस ओले, कातडी ओली, खाज, जखम, जखमेवर माशी, आणि मग अळ्या. बैलाच्या खांद्याला जखम होऊन किडे पडलेले ज्यांनी बघितलेत त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. काही चित्ते त्यात दगावले. इथे माशी आपली नेहमीचीच होती, नवीन होते ते चित्ते आणि पट्टा. पुढे पावसाळ्याआधीच त्यांना परजीवींवरचं औषध लावायला सुरुवात झाली.

हे ऐकून कुणी म्हणेल, मारून टाका ना सगळ्या गोचिडी अन् उवा, झंझटच नको. ते पण करून झालंय. अमेरिकेत कॅलिफोर्निया काँडोर नावाचं मोठं गिधाड संपत आलं होतं. 1987 पर्यंत उरलेसुरले सगळे पक्षी पकडून पिंजऱ्यात आणले आणि त्यांच्या पिसांतल्या उवा औषधाने साफ केल्या. काँडोर वाचला. पण त्यातली एक ऊ फक्त काँडोरवरच जगायची, ती जगातून कायमची गेली. तिने पक्ष्याचं काही मोठं नुकसान केल्याचा पुरावा नव्हता. एका उवेसाठी रडत बसा असं मी म्हणत नाही. पण वन्यजीव वाचवायच्या कामातच एक जीव नाहीसा झाला, आणि तेव्हा फारसं कुणाला त्याचं काही वाटलंही नाही.

मग आपल्या हातात काय आहे? वलगाववरून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की पुढे मेळघाट. 1974 पासूनचा व्याघ्र प्रकल्प. त्याच्या काठावर गावं आहेत, गावांत गुरं आहेत, आणि मोकाट कुत्री किती ते मोजायला नको. बिबट्या कुत्रं उचलतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्या कुत्र्यासोबत त्याच्या अंगातला विषाणू आणि अंगावरच्या गोचिडीही बिबट्याच्या घरी जातात.

सोलापूरजवळ नान्नजला माळढोक अभयारण्याच्या परिसरातल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं गेलं, 2014 मध्ये ते प्रसिद्ध झालं. दहातल्या सातांहून जास्त कुत्र्यांना डिस्टेंपर कधी ना कधी होऊन गेल्याच्या खुणा निघाल्या. नान्नजचं कुत्रं आणि आपल्याकडचं कुत्रं, फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. कुत्र्याला रेबीजचं इंजेक्शन दिलं म्हणजे डिस्टेंपरचं झालं असं नाही. त्याची लस वेगळी असते, मेडिकलवाले 'सेव्हन इन वन', 'नाइन इन वन' म्हणतात त्यात ती येते. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की पहिला डोस, मग डॉक्टर सांगतील तसे पुढचे, अन् नंतर बूस्टर. शेतावर राखणीला ठेवलेल्या कुत्र्याला हे क्वचितच कुणी देतं. आणि तुमची किंवा मामाची गुरं जंगलाच्या कडेला चरायला जात असतील, तर त्यांच्या गोचिडींवर वेळच्या वेळी डॉक्टरला विचारून फवारणी करा. गोठ्याच्या भिंतींच्या भेगांतही मारा, अंड्यांतून निघालेली पिल्लं तिथेच दडून बसतात. दुधाला फायदा तुमचाच आहे.

तुमच्या गावात कुत्र्यांना डिस्टेंपरची लस कुणी देतं का, ते विचारून मला व्हॉइस मेसेज करा. आलेली उत्तरं पुढच्या भागात ऐकवतो.