वऱ्हाडची सून, देशाची राष्ट्रपती
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला पाच मिनिटं मिळाली आहेत, म्हणून एकीबद्दलच बोलते. प्रतिभाताई पाटील.

नागरिकशास्त्रात आपण जी पदं पाठ केली, ती त्यांनी एकेक करून सांभाळली. 1962 मध्ये, वयाच्या 27व्या वर्षी, त्या जळगावातून आमदार झाल्या. पुढे चार वेळा एदलाबादमधून. 1967 मध्ये उपमंत्री, 1972 मध्ये कॅबिनेट मंत्री. पुलोद सरकारच्या काळात, 1979 मध्ये, विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. मग राज्यसभेच्या उपसभापती, राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल आणि 2007 मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती.

आपल्याला अभिमान असतो तो त्या अमरावतीच्या सूनबाई म्हणून. पण जरा तारखा पाहा. देवीसिंह शेखावत यांच्याशी त्यांचं लग्न झालं 1965 मध्ये. तेव्हा त्यांची आमदारकीची तीन वर्षं झाली होती. सासर अमरावतीचं, तरी मतदारसंघ माहेरच्या जिल्ह्यातलाच राहिला. देवीसिंहजी आमदार झाले 1985 मध्ये. म्हणजे या घरात राजकारण आधी बाईंचं होतं. सासरच्या अमरावतीनं त्यांना लोकसभेत पाठवलं ते 1991 मध्ये. त्याआधी याच अमरावतीनं उषाताई चौधरींना 1980 आणि 1984 असं दोनदा निवडून दिलं होतं.

अकोलेकरांनो, रागावू नका, पण अकोल्यातून आजवर एकही महिला लोकसभेत गेलेली नाही. आणि प्रतिभाताईंना न मिळालेलं मुख्यमंत्रिपद महाराष्ट्रात आजवर एकाही स्त्रीला मिळालेलं नाही.

आज स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण कितीतरी गावांत सही सरपंचबाईंची आणि कारभार यजमानांचा, हे आपण सगळे जाणतो. आरक्षणानं खुर्ची मिळते. त्या खुर्चीवर तिला बसू देणं घराच्या हातात असतं.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात आता लेकी-सुना कर्त्या झाल्या आहेत. उद्या त्यांच्यातली एखादी उमेदवारी अर्ज भरायला निघाली, तर "घराचं कसं होईल?" हा प्रश्न तिला विचारू नका. तो आपण घरातल्यांनी सोडवायचा आहे.