वस्तीचं नाव राखा!

गिरणी कामगार बंधुभगिनींनो,

धावड्यात कापडाची गिरणी नाही. पण पोटासाठी इथलीही पोरं शहराकडं निघतात. ती ज्या वस्तीत राहतील ती त्यांची राहील काय? म्हणून मुंबईच्या गिरणगावची गोष्ट ऐका.

परळ, लालबाग, वरळी, भायखळा ही वस्ती कामगारानं वसवली. भोंग्यावर उठायचं, एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं, रात्री भजनाला बसायचं. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले. हजारोंना गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडलाच नाही.

१९९१ च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक मैदानाला, एक घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम फिरला. वाटणी फक्त रिकाम्या जागेची! इमारतीखालची जमीन मालकाकडंच. २००६ साली सुप्रीम कोर्टानंही तेच कायम केलं.

मग टॉवर आले, आणि दलाल लोअर परळला ‘अप्पर वरळी’ म्हणू लागले. परळ म्हटलं की कामगार आठवतो. नव्या नावात तो आठवत नाही. जो आठवत नाही, त्याच्या घराचा हक्क कोण विचारणार?

नाव फ्लोरा फाउंटनचंही बदललं. पण तिथं २१ नोव्हेंबर १९५५ ला माणसं गोळ्या झेलून पडली, म्हणून तो हुतात्मा चौक झाला. ते नाव रक्ताचं, हे दलालीचं!

तेव्हा पत्ता सांगताना परळच सांगा. नाव राखा, घर मागा!

कामगार एकजुटीचा विजय असो!