शाकाहार पुरा केव्हां होतो ?

शाकाहारानें प्रकृति सुधारते काय, हा प्रश्न शहरांतील सुशिक्षित घरांतून वारंवार विचारला जातो. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार यांपैकीं एखाद्या पाहुण्यानें ज्या घरीं मुक्काम ठोकला आहे, त्या घरीं तर तो विशेष कळकळीनें विचारला जातो. प्रश्न दिसतो सोपा. परंतु त्यांत दोन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत. ताटांत काय नसावें हा एक, आणि ताटांत काय असावें हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रांतील पुष्कळ कुटुंबांनीं पिढ्यान् पिढ्या देऊन ठेवलेलें आहे. त्यांच्या घरीं मांस-मासे शिजत नाहींत. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र दुर्लक्ष होतें. पांढराशुभ्र भात, मैद्याचा पाव, साखरेचा चहा, तळलेली शेव आणि बिस्किटें यांवर दिवस काढणारा मनुष्यही शाकाहारीच म्हणविला जातो. म्हणून शाकाहाराचे गुणदोष ठरविण्यापूर्वीं धान्यें, कडधान्यें, भाज्या आणि फळें हीं आपल्या मूळ स्वरूपांत पोटांत जातात कीं नाहीं, हें पाहणें अवश्य आहे. अशा सकस वनस्पत्याहाराचें सामर्थ्य कशांत आहे आणि त्याची उणीव कोठें आहे, हें तीन शोधांच्या हकिकतींवरून चांगलें उमजतें.

पहिला शोध जावा बेटांत लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें डच लोकांचा अंमल होता, आणि सैनिक, खलाशी व कैदी बेरीबेरी नांवाच्या रोगानें हैराण झाले होते. या रोगांत पायांतील शक्ति जाते, पुष्कळदां अंगावर सूज येते आणि शेवटीं हृदय थकतें. जंतुशास्त्राचा तो भरभराटीचा काळ. साहजिकच या रोगाचा जंतु शोधून काढण्यासाठीं १८८६ सालीं एक वैद्यकीय मंडळ बटाव्हियास, म्हणजे हल्लींच्या जाकार्ता शहरीं, पाठविण्यांत आलें. त्यांतील डॉक्टर ख्रिस्तियान आयकमन पुढें तेथेंच संशोधन करीत राहिले. प्रयोगासाठीं पाळलेल्या त्यांच्या कोंबड्यांना एकाएकीं तशाच प्रकारचा लुळेपणा आला, आणि कांहीं महिन्यांनीं तो एकाएकींच नाहींसा झाला. चौकशीअंतीं असें कळलें, कीं मधल्या काळांत कोंबड्यांना लष्करी इस्पितळांतील उरलेला पांढरा भात घातला जात होता. पुढें नवीन आचारी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देणें त्याला पसंत पडलें नाहीं, आणि कोंबड्या पुन्हां कोंड्यासहित साध्या तांदळावर आल्या. आचाऱ्याच्या या करडेपणांतून एका मोठ्या शास्त्राचा उगम झाला.

मनुष्यांच्या बाबतींत हीच गोष्ट खरी आहे काय, याची तपासणी आडोल्फ फोर्डरमान या वैद्यकीय अधिकाऱ्यानें केली. त्यानें जावा व मादुरा येथील १०१ तुरुंगांची माहिती गोळा केली. त्यांतील कैद्यांची एकंदर संख्या पावणेतीन लाखांच्या वर होती. जेथें कोंडा न काढलेला तांदूळ शिजत होता, तेथें सुमारें १०,००० कैद्यांत एकाला बेरीबेरी झालेली आढळली. जेथें घोटून पांढरा केलेला तांदूळ शिजत होता, तेथें ३९ कैद्यांत एकाला. दोन्हीकडील कैदी त्याच बेटांवरचे; फरक होता तो तांदळाच्या सालीचा.

आयकमन यांचा प्रथम असा समज होता, कीं पांढऱ्या भातांत कांहीं विष असावें आणि कोंड्यांत त्याचा उतारा असावा. त्यांचे सहकारी गेरिट ग्राइन्स यांनीं १९०१ सालीं निराळा अर्थ लावला : भातांत विष नाहीं, जीवनास अवश्य असें एक द्रव्य कोंड्याबरोबर टाकून दिलें जातें, आणि त्याच्या अभावीं रोग होतो. अन्नांत जें आहे त्यानें मनुष्य आजारी पडतो, ही कल्पना जुनी होती. अन्नांत जें नाहीं त्यानेंही तो आजारी पडतो, हा विचार नवा होता. १९१२ सालीं काझिमीर फुंक यांनीं अशा द्रव्यांना ‘व्हिटॅमिन’ हें नांव सुचविलें. मराठींत त्यांस जीवनसत्त्वें म्हणतात. १९२६ सालीं यान्सेन व डोनाथ यांनीं बटाव्हियांतच तांदळाच्या कोंड्यापासून तें द्रव्य स्फटिकरूपानें वेगळें काढलें. त्यालाच पुढें थायमिन किंवा ‘ब १’ असें नांव मिळालें. १९२९ सालीं आयकमन यांना नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

कोंकणांत आणि गोमंतकांत उकड्या तांदळाचा भात व पेज खाण्याची जी रीत आहे, तिचें मर्म या शोधामुळें स्पष्ट होतें. भात सालीसकट भिजवून उकडला म्हणजे सालीखालचें हें जीवनसत्त्व दाण्याच्या गाभ्यांत उतरतें, आणि पुढें तांदूळ कांडला तरी त्याचा बराच भाग शिल्लक राहतो. गव्हाचीही हीच कथा आहे. दाण्याचा कोंडा व अंकुर काढून टाकला कीं मैदा उरतो. म्हणजे पिष्ट राहतें, परंतु लोह, ‘ब’ वर्गांतील जीवनसत्त्वें आणि चोथा यांचा मोठा भाग जातो. हा चोथा शरीरांत पचत नाहीं म्हणून तो निरुपयोगी मानला जाई. वस्तुतः त्याच्या योगानें पोट साफ राहतें, अन्नांतील साखर रक्तांत सावकाश उतरते, आणि कांहीं प्रकारच्या चोथ्यानें रक्तांतील कोलेस्टेरॉलही कमी होतें. जोंधळ्याची किंवा बाजरीची भाकरी, न चाळलेल्या कणकेची पोळी, मोड आलेल्या मटकीची उसळ हें सारें मधुमेही मनुष्यास मैद्याहून हितकर ठरतें, त्याचें कारण हेंच.

दुसरा शोध मुंबईशीं निगडित आहे. १९२८ सालीं लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाई हिंदुस्थानांत आल्या आणि परळ येथील हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें काम करूं लागल्या. मुंबईंतील गरीब कष्टकरी स्त्रियांना, विशेषतः कापडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांना, गरोदरपणीं एक विलक्षण पंडुरोग होत असे. त्यांत रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें घटत, परंतु आकारानें मोठ्या होत. आणि कित्येक स्त्रिया त्यांतच दगावत. येथेंही प्रथम संसर्गाचा संशय घेण्यांत आला. तो सिद्ध झाला नाहीं, तेव्हां विल्सबाईंनीं या स्त्रियांच्या ताटांकडे लक्ष वळविलें. सुखवस्तु घरांतील स्त्रियांना हा रोग क्वचितच होई. ज्यांच्या जेवणांत ताज्या भाज्या, फळें व इतर सकस पदार्थ नव्हते, त्यांना तो अधिक होई. प्राण्यांवर प्रयोग करून पाहिल्यावर त्यांनीं यीस्टच्या स्वस्त अर्काचा, म्हणजे बाजारांतील मार्माइटचा, उपाय रोगी स्त्रियांवर केला. गुण झपाट्यानें आला. १९३१ सालीं त्यांनीं हें संशोधन प्रसिद्ध केलें.

त्या अर्कांत कोणतें द्रव्य होतें, हें समजण्यास आणखी दहा वर्षें लागलीं. १९४१ सालीं अमेरिकेंत सुमारें चार टन पालकापासून एक द्रव्य अल्प प्रमाणांत वेगळें काढण्यांत आलें, आणि पानाला लॅटिन भाषेंत जो शब्द आहे त्यावरून त्याला फॉलिक आम्ल हें नांव मिळालें. पुढें १९९१ सालीं ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पूर्वींच्या अपत्यांत पाठीच्या कण्याचें किंवा मेंदूचें जन्मजात व्यंग होतें, अशा मातांनीं गर्भधारणेच्या आधींपासून फॉलिक आम्ल घेतल्यास तसें व्यंग पुन्हां उद्भवण्याचा धोका जवळजवळ तीन-चतुर्थांशानें घटतो, असें तींत दिसून आलें. मेथी, पालक, चाकवत, माठ, अळू, शेवग्याचा पाला यांना ‘पाला’ म्हणून हिणविणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. मात्र भाजी फार वेळ उकळून तिचें पाणी फेकून दिलें, तर हें सत्त्व त्या पाण्याबरोबरच मोरींत जातें.

येथवर सर्व पुरावा कोंड्याच्या व पानाच्या बाजूचा झाला. तिसरा शोध या आहाराची उणीव दाखवितो, आणि सुशिक्षित शाकाहारी घरांनीं तो अधिक लक्षपूर्वक ऐकण्यासारखा आहे. १९४८ सालीं इंग्लंडांत व अमेरिकेंत ‘ब १२’ हें जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपांत मिळालें. तें वनस्पति तयार करीत नाहींत, प्राणीही तयार करीत नाहींत. तें काम सूक्ष्म जंतूंचें आहे. प्राण्यांच्या शरीरांत तें सांठतें, म्हणून मांस, मासे, अंडीं आणि थोड्या प्रमाणांत दूध यांतून तें मनुष्यास मिळतें. प्रौढ मनुष्याची गरज दिवसाला सुमारें २ ते २.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळजवळ नगण्य; परंतु ती वर्षानुवर्षें भागली नाहीं तर पंडुरोग, हातापायांस मुंग्या, तोल जाणें, विस्मरण असे विकार जडतात. यकृतांतील सांठा कित्येक वर्षें पुरत असल्यामुळें ही उणीव सावकाश येते आणि उशिरां उघडकीस येते. तोंपर्यंत मज्जातंतूंची जी हानि झालेली असते, ती सर्वच भरून येईल असा भरंवसा नसतो.

ही भीति काल्पनिक नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं खेड्यांतील, झोपडपट्टींतील व शहरी मध्यमवर्गांतील ४४१ पुरुषांचें रक्त तपासून आपले निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध केले. एकंदर पुरुषांपैकीं शेंकडा ६७ जणांत ‘ब १२’ कमी आढळलें. आणि शहरी मध्यमवर्गांत तर हें प्रमाण शेंकडा ८१ होतें. ज्या वर्गास अन्नाची ददात नाहीं, त्याच वर्गांत ही उणीव सर्वांत अधिक ! पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास १९९३ पासून चालू झाला. त्यांतून २००८ सालीं आणखी एक गोष्ट पुढें आली. गरोदरपणीं ज्या मातांच्या रक्तांत पानांतील फॉलिक आम्ल भरपूर आणि ‘ब १२’ कमी होतें, त्यांच्या मुलांत वयाच्या सहाव्या वर्षीं इन्सुलिनचा परिणाम मंदावल्याचीं चिन्हें अधिक दिसलीं. आणि हीच मधुमेहाची पहिली पायरी असते. एवढ्यावरून कार्यकारणभाव अखेरचा सिद्ध झाला असें म्हणतां येणार नाहीं. परंतु हीं दोन सत्त्वें एकमेकांच्या साह्यानें काम करतात, आणि एकाची भर दुसऱ्याची तूट भरून काढीत नाहीं, एवढें खास.

अशा स्थितींत शाकाहार सोडावा काय ? तसें मुळींच नाहीं. १९९० सालीं अमेरिकेंतील डॉ. डीन ऑर्निश यांनीं ४८ हृदयरोग्यांवरील एका प्रयोगाचें फळ प्रसिद्ध केलें. अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहार, व्यायाम, धूम्रपानाचा त्याग व मनःशांतीचे उपाय यांचा एक वर्ष अवलंब केलेल्या गटांत हृदयाच्या धमन्यांतील अडथळे सरासरीनें किंचित् कमी झाले. नेहमींच्या उपचारावर राहिलेल्या गटांत ते वाढले. रोगी थोडे होते आणि उपाय अनेक होते, म्हणून सारें श्रेय एकट्या आहारास देतां येत नाहीं; परंतु दिशा स्पष्ट दिसते.

तेव्हां गृहिणीनें आणि गृहस्थानें मिळून करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतां येईल. कणीक चाळूं नये. तांदूळ शक्यतों हातसडीचा किंवा उकडा घ्यावा. भाकरीबरोबर उसळ किंवा आमटी असावीच, कारण धान्यांतील प्रथिनांत जें कमी असतें तें कडधान्य पुरवितें. नाचणी केवळ लहान मुलांच्या सत्त्वापुरती ठेवूं नये. १०० ग्रॅम नाचणींत ३०० मिलिग्रॅमांहून अधिक कॅल्शियम असतें. पालेभाजीवर लिंबू पिळावें, म्हणजे तिच्यांतील लोह अधिक शोषलें जातें. जेवणाला लागूनच चहा घेतल्यास तेंच लोह वायां जातें. साखर, मैदा व तळण सणावारापुरतें राहूं द्यावें. ‘ब १२’ साठीं मात्र पालेभाजीवर किंवा इडलीसारख्या आंबविलेल्या पदार्थांवर विसंबूं नये. जे दूध-दहीं घेतात त्यांनीं तें नियमानें घ्यावें आणि अधूनमधून रक्त तपासून पाहावें. जे दूधही वर्ज्य करतात त्यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें गोळी घेतलीच पाहिजे. गरोदर स्त्रियांच्या व वृद्धांच्या बाबतींत तर चालढकल करूंच नये. मधुमेहाचें औषध चालू असतांना आहार एकदम बदलल्यास रक्तांतील साखर फार उतरण्याचा संभव असतो, आणि मूत्रपिंडाच्या रोग्यास कांहीं भाज्या-फळें वर्ज्य असतात. म्हणून अशा रोग्यांनीं पालट करण्यापूर्वींच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

जावांतील कैद्याला आपल्या ताटांतला तांदूळ निवडण्याची मुभा नव्हती; मुंबईंतील गिरणकामगार स्त्रीला मिळेल तें खाऊन पाळीवर जावें लागत होतें. आजच्या सुशिक्षित कुटुंबास निवडीचें स्वातंत्र्य आहे, ज्ञान हाताशीं आहे, आणि उणीव भरून काढणारी गोळीही जवळच्या दुकानांत मिळते. धान्याचा कोंडा, भाजीचें पान आणि हें एक सूक्ष्म सत्त्व या तिन्हींची सोय ज्या स्वयंपाकघरांत झाली, तेथील शाकाहार पुरा झाला असें खुशाल समजावें.