अमर नायक आणि आपली हडळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी "न मरणारे नवरे" असे सांगितले होते. निमंत्रणपत्रिकेत तो "आधुनिक प्रेमकथांतील अमर नायक" असा छापून आला आहे. दोन्ही नावे एकाच गोष्टीची असल्यामुळे माझी तक्रार नाही.

अकरावी-बारावीतल्या मुली रात्री पांघरुणात मोबाइल धरून काय वाचीत असतात, ही काळजी गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिघीचौघींनी माझ्यापाशी बोलून दाखविली. मी मुलींनाच विचारले. त्यांनी काही न लपविता सांगितले, की आम्ही रक्तपिशाचांच्या प्रेमकथा वाचतो. इंग्रजीत या जातीच्या कादंबऱ्यांचे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उदंड पीक आले आहे. नायक कधी रक्तपिशाच, कधी लांडग्याचे रूप घेणारा, तर कधी स्वर्गातून पडलेला देवदूत. नायिका मात्र बहुधा आपल्यासारखी, हाडामांसाची आणि एक दिवस मरणारी.

मुलींवर रागावण्यापूर्वी आपण वाचून पाहावे म्हणून मी स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची 'ट्वायलाइट' मालिका वाचावयास घेतली. 2005 ते 2008 या काळात तिचे चार जाडजूड भाग निघाले. त्यातला एडवर्ड 1901 साली जन्मलेला. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तो मरणाला टेकला असता एका डॉक्टरने त्याला आपल्यासारखे रक्तपिशाच केले, आणि तेव्हापासून तो सतरा वर्षांचाच राहिला. (त्या साथीने आपल्या देशातही घरेच्या घरे ओस पाडली. आपल्या माणसांना असा कोणी डॉक्टर भेटला नाही.) हा एडवर्ड माणसांचे रक्त सोडून जनावरांचे पितो आणि त्याची मंडळी स्वतःला थट्टेने शाकाहारी म्हणवितात. आपल्या माळकरी भगिनींनी कृपा करून हसू नये. नायिका बेला खरोखरीच सतरा वर्षांची. तिच्या रक्ताच्या वासाने तो वेडापिसा होतो, आणि तरीही स्वतःला आवरतो. सगळी गोडी या आवरण्यात आहे.

मला हे वाचताना मुलींचे मन कळले. न मरण्याचे त्यांना फारसे कौतुक नाही. ज्याच्या अंगात दहा माणसांचे बळ आहे, ज्याला कोणी अडवू शकत नाही, असा पुरुष हात आखडून थांबतो, तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकतो, आणि त्याला कुठे जाण्याची घाई नसते, याचे त्यांना अप्रूप वाटते. आपल्या जिल्ह्यात अजून मुलीची दहावी होते न होते तो स्थळ बघणारे आहेत. ऊसतोडीला जोडी लागते म्हणून त्याही आधी उरकून टाकणारे आहेत. तिला कोणी विचारीत नाही. अशा ठिकाणी विचारणारा नायक शंभर वर्षांचा असला तरी मुलीला गोड वाटणारच. तो तिच्या खिडकीतून शिरून रात्रभर तिला झोपलेली पाहत बसतो, हे मात्र मला मुळीच रुचले नाही. आपल्या गल्लीतल्या एखाद्या पोराने असे केले तर आपण त्याला प्रियकर म्हणणार नाही.

आता हा रक्तपिशाच आला कोठून? पूर्व युरोपात, सर्बियाच्या बाजूला, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गावेच्या गावे घाबरून गेली. साथीने माणसे मरत, आणि लोक म्हणत की आधी मेलेला कोणी थडग्यातून उठून रक्त पितो. मग थडगी उकरायची, प्रेताच्या छातीत खुंटी मारायची. प्रेत फुगते, तोंडाशी लाल पाणी येते, हा शरीराचा धर्म. लोकांना तो पुरावा वाटला. ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा हिने आपल्या वैद्याकडून चौकशी करविली आणि 1755 साली या उकराउकरीला बंदी केली. एका बाईने हा कायदा केला, याचा मला अभिमान वाटतो. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा व्हायला 2013 साल उजाडले, आणि तेही डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचा खून पडल्यावर.

थडग्यातला हा मळका शेतकरी पुढे लेखकांनी सरदार बनविला. पॉलिडोरीची कथा 1819 ची, ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' 1897 चा. मधल्या काळात आपलाही एक माणूस तिकडे गेला, तो म्हणजे वेताळ. रिचर्ड बर्टन या साहेबाने 1870 साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत सांगितल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला 'व्हँपायर' केले. या गोष्टी सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहेत, आणि सोमदेव म्हणतो की आपले मूळ गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'त. गुणाढ्य सातवाहन राजाच्या पदरी होता, राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. त्याने शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोक लिहिले आणि तेही पैशाची भाषेत, पिशाचांच्या! राजाने नाक मुरडले तेव्हा तो रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि जाळी. सातवाहनांच्या काळी आपले तेर हे पैठणच्या जोडीचे व्यापारी शहर होते; त्या काळच्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे 'तगर' हे नाव आहे. पैठणहून तेरला माल जात-येत होता, तशा गोष्टीही आल्या असतील असे मला आपले वाटते.

पण बर्टनसाहेबाने वेताळावर अन्याय केला. आपला वेताळ प्रेतात राहतो, झाडाला उलटा लोंबतो, हे सगळे खरे; परंतु राजाच्या खांद्यावर बसून तो करतो काय? गोष्ट सांगतो, आणि शेवटी कोड्यात टाकणारा प्रश्न विचारतो. राजाचा बळी द्यायला टपलेला साधू जिवंत माणूस असतो. राजाला सावध करणारा वेताळच. 2025 साली 'थामा' नावाचा हिंदी चित्रपट आला, त्यात बेताळ म्हणजे रक्त पिणारी जमात आणि तिच्यातल्या मुलीचे माणसावर प्रेम. म्हणजे बर्टनची नक्कल दीडशे वर्षांनी घरी परत आली.

न मरणाऱ्यांची आपली स्वतःची यादी निराळी आहे. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम. वाढदिवसाला आपण यांची नावे घेतो. यांत बाई एकही नाही, आणि प्रेमकथेचा नायक शोभेल असाही कोणी नाही. हनुमंत तर ब्रह्मचारी. अश्वत्थाम्याला जखमेसाठी तेल मागत हिंडावे लागते. त्याचे अमरत्व हा शापच. आणि बिभीषण चिरंजीव झाला, तर त्याच्या सरमेचे काय झाले? बळीच्या विंध्यावलीचे काय झाले? पुराणिकबुवांना मी हे लहानपणी विचारले होते. त्यांनी प्रसाद हातावर ठेवून मला पुढे लोटले.

आपल्या लग्नपत्रिकेतही हेच दिसते. मुलगा 'चि.', आणि मुलगी 'चि. सौ. कां.'. तिला चिरंजीव म्हटले खरे, पण लगेच सौभाग्याची आकांक्षा जोडली. 'अखंड सौभाग्यवती भव' या आशीर्वादाचा सरळ अर्थ करून पाहा: तू त्याच्या आधी जा. वटपौर्णिमेला आपण सात जन्म तोच नवरा मागतो. ती मात्र मला या इंग्रजी कादंबऱ्यांपेक्षा शहाणी मागणी वाटते. निदान मधून मधून मरायला तरी मिळते. सावित्रीनेही सत्यवानासाठी अमरत्व मागितले नाही, आयुष्य मागितले.

अमर आणि मर्त्य यांची आपल्याकडची सर्वांत जुनी प्रेमकथा उर्वशी आणि पुरूरव्याची. ऋग्वेदात त्या दोघांचा संवाद आहे. तेथे अमर आहे ती बाई, आणि रडतो आहे तो पुरुष. ती त्याला सोडून जाते. कालिदासाला ते सोसवले नाही. त्याच्या नाटकात इंद्र तिला राजा जिवंत असेतोवर राहण्याची मुभा देतो. 'असेतोवर' हा शब्द कालिदासानेही खोडलेला नाही.

परंतु या कादंबऱ्यांशेजारी ठेवून वाचावी अशी आपली कथा ययातीची आहे. शुक्राचार्यांच्या शापाने राजा म्हातारा झाला, आणि त्याने मुलांकडे तारुण्य उसने मागितले. चौघे नाही म्हणाले, धाकट्या पुरूने दिले. महाभारतात ययाति ते हजार वर्षे भोगतो. दात लावले नाहीत एवढेच. बाकी रक्तपिशाच म्हणावयास काही कमी नाही. वि. स. खांडेकरांनी 1959 साली 'ययाति' लिहिली, तिला 1974 चे ज्ञानपीठ मिळाले. आपल्यांपैकी पुष्कळजणींनी ती वाचली आहे. गिरीश कार्नाडांनी मात्र आपल्या कन्नड नाटकात पुरूच्या बायकोला पुढे आणले. आदल्या दिवशीचा नवरा एकाएकी म्हातारा होऊन समोर येतो, तेव्हा तिने काय करायचे? ती विष घेते. एकाचे आयुष्य वाढले तर ते कोणाच्या तरी ताटातून काढलेले असते, हा हिशेब आपल्या कथाकारांनी चुकविला नाही. इंग्रजी कादंबऱ्यांत हरणे आणि अस्वले ती किंमत देतात, त्यामुळे मुलींना ती दिसत नाही.

आता ज्याकरिता मी हा विषय घेतला ते सांगते. मालिकेच्या चौथ्या भागात बेलाचे लग्न होते, तिला दिवस जातात, आणि बाळंतपणात ती मरू घातलेली असताना नवरा तिला आपल्यासारखे करून घेतो. ती उठते ती देखणी, बलवान, कधीच न मरणारी होऊन. मुलगी मांडीवर, नवरा शेजारी. वाचता वाचता मी पुस्तक मिटून ठेवले. बाळंतपणात मेलेली बाई परत येते, ही गोष्ट मला नवीन नव्हती. आपण तिला अळवंतीण म्हणतो, हडळ म्हणतो.

माझे माहेर परंड्याकडचे. मी नऊ-दहा वर्षांची असताना शेजारच्या घरची सून बाळंतपणात गेली. तिला नेले तेव्हा मागून एकजण वाटेवर राळे टाकीत गेला, आणि उंबऱ्यात खिळे ठोकले. ती परत येऊ लागली तर दाणे वेचता वेचता तिची रात्र सरावी म्हणून राळे. युरोपातही रक्तपिशाचाच्या वाटेवर खसखस नाही तर असेच बारीक धान्य टाकीत, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनात आले. तिकडे काय, इकडे काय, मेलेल्याला दाणे मोजायला बसविण्याची युक्ती एकच. फरक इतकाच, की तिकडचे भूत सरदार झाले, नायक झाले, आता नवरा झाले. आपली हडळ चिंचेवरच राहिली. तिच्यावर कोणी प्रेमकथा लिहिली नाही. मराठीत नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी भयकथा उत्तम लिहिल्या, त्यांत भीती आहे. तिची कोणाला आठवण आल्याचे मला आढळत नाही.

ती सून का गेली हे तेव्हा कोणी बोलले नाही. तिला आदल्या दिवसापासून झटके येत होते, आणि मांत्रिक बोलावला होता. गरोदरपणात रक्तदाब वाढून असे झटके येतात आणि त्यावर इंजेक्शन आहे, हे आज गावच्या आशाताईलाही ठाऊक आहे. बाळंतपणानंतर रक्त वाहून जाणे हेही मृत्यूचे एक मोठे कारण. अंगात मुळातच रक्त कमी असले की तेवढेही सोसत नाही. फडावरच्या कोपीत बाळंत होणाऱ्या बाईचे हात पाहा, पांढरेफटक असतात. मेलेल्या बाईला हडळ ठरविले की दवाखान्यात का नेले नाही हा प्रश्न उरत नाही. उलट घरचेच भ्यायलेले, त्यांचीच कीव करायची! उंबऱ्यातले ते खिळे तिला अडविण्यापेक्षा घरच्यांच्या मनाला धीर देण्यासाठी होते, असे माझे मत आहे.

या भाषणाची तयारी करताना मी माहेरी फोन करून त्या सुनेचे नाव विचारले. कोणालाच आठवले नाही. तिची म्हणून जी चिंच दाखवीत ती मात्र सगळ्यांना माहीत होती. अवसेला अजून तिकडून कोणी जात नाही म्हणे. आणि वेळ अमावास्येला हीच मंडळी बायकापोरांसह रानात जाऊन, कडब्याच्या कोपीतले पांडव पुजून, दिवसभर भज्जी आणि आंबील खातात. अवसेची भीती आपण सोयीप्रमाणे पाळतो.

मुलींच्या हातून या कादंबऱ्या काढून घ्याव्यात असे मला वाटत नाही. काढून घेतल्या तर पांघरूण आणखी वर जाईल. त्यांना वाचू द्या, आणि आपणही एक वाचा. चार भाग झेपत नसतील तर पहिला आणि चौथा पुरे, मधले दोन पाल्हाळाचे आहेत. मी चिटणीसबाईंना विनंती केली आहे, की पुढच्या महिन्याच्या सभेत या मुलींपैकी दोघीतिघींनाच बोलावयास उभे करावे. सरमेचा प्रश्न मी त्यांना घालून ठेवला आहे. एकीने उत्तर लिहूनही काढले आहे; त्यात सरमा अमर होण्याचे साफ नाकारते आणि बिभीषणाला एकट्यालाच लंकेचे राज्य करावयास सांगते, इतके मला कळले आहे. बाकीचे तिच्याच तोंडून ऐकू.